दहाचं नाणं चालत नाही म्हणे! मग पैशात खरं काय असतं?

सुकट_भाकर:
काल दापोली स्टँडवर वडापाव घेतला आणि दहाची दोन नाणी पुढे केली तर गाडीवाला म्हणतो, दादा ही इकडे नाय चालत, नोट द्या. म्हटलं बंद झाली का? तर म्हणे बंद नाय हो, पण पुढे कोण घेत नाय. त्याच्या गल्ल्याशेजारी चॉकलेटची बरणी होती, सुट्ट्याऐवजी ती मात्र बिनबोभाट चालते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच सांगितलंय की दहाच्या नाण्याची चौदाही डिझाइन वैध आहेत, तरी ही तऱ्हा. माझं मत झालंय की पैसा म्हणजे पुढचा घेईल हा भरवसा, बाकी काही नाही. पटतंय का बघा.

खाडीपलीकडे:
नाही पटत. एका वडापाववाल्याने नाक मुरडलं म्हणून नाण्याची किंमत जात नाही. तीच नाणी घेऊन घरपट्टी भरायला जा, 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि वरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्याला चालतात. सरकार कर मागतं आणि तो याच पैशात घेतं, म्हणून तो सगळ्यांना लागतो. आणि 8 नोव्हेंबर 2016 विसरलात काय? संध्याकाळपर्यंत हजाराच्या नोटेवर अख्ख्या देशाचा विश्वास होता, आठ वाजता टीव्हीवर भाषण झालं आणि मध्यरात्रीपासून नोट रद्द. विश्वास आपलाच होता ना, मग का नाही वाचली नोट?

सुकट_भाकर:
त्याच आठवड्यातलं सांगतो. काकांची छोटी बोट आहे, मासळी येत होती पण गिऱ्हाइकाकडे चालणारी नोट नाही. काकांनी शंभर पानी वही काढली, नाव, मासळी, रक्कम, पुढे सही नाहीतर अंगठा. महिनाभर त्या वहीवर धंदा केला आणि एक-दोन सोडले तर सगळ्यांनी पैसे आणून दिले. त्या वहीमागे कुठला गव्हर्नर होता? आणि कवडीचं काय, समुद्री गोगलगाईचं कवच हो ते, मालदीवहून जहाजं भरभरून बंगालात जायच्या आणि त्यावर बाजार चालायचे.

खाडीपलीकडे:
कवडीचं बरं काढलंत, कंपनीच्या काळात सिल्हेटचा सारा कवड्यांतच भरला जायचा! वसुलीवाला घेत होता म्हणून बाजार घेत होता. आणि काकांच्या वहीत रकमा रुपयांतच लिहिल्या होत्या ना? की बांगडा मासळीत?

आंब्याचा_बाठा:
दोघंही हवेत गप्पा मारताय. बोटीत बांगडा होता म्हणून वही चालली, बोट रिकामी असती तर वहीत काय लिहिलं असतं? झिंबाब्वेत सरकार होतं, कायदा होता, कर होता, पण शेती कोलमडली, माल नाही आणि नोटा छापणं सुरू, शेवटी शंभर ट्रिलियन डॉलरची नोट काढायची पाळी आली. आपलंही 1991 आठवा, जवळपास 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण टाकलं. परक्याला तुमचा कायदा लागू नाही आणि तुमच्या काकांची वहीही तो घेत नाही, तिथे खरी वस्तूच लागते.

सुकट_भाकर:
सोनं काय भाकरीला लावून खाता येतं? त्यालाही सगळे मानतात म्हणूनच भाव. तुमच्या आंब्याचंच घ्या, कर्नाटकचं फळ देवगड लिहिलेल्या पेटीत भरलं की वाशीला दर चढतो. फळ तेच, छापा वेगळा.

आंब्याचा_बाठा:
कापल्यावर कळतं की! गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी त्या दलालाकडे फिरकत नाही. नोट कापून बघा काय निघतं.

मालवणी_तडको:
माझो आजो सांगी, खोताक मक्तो भातानच घालूचो लागे, नोट दाखवलास तर म्हणी भात हाड. सुक्या बांगड्याच्या बदल्यात पण खळ्यार भातच मिळा. म्हणजे तेव्हा आमच्याकडे भात ह्योच पैसो, खावक पण आणि भरूक पण. 1949 च्या कायद्यान खोती गेली, तेच्यानंतर नोटेक मान इलो. आता तुमीच ठरवा ह्यात कोण जिंकलो, माझी पेज थंड होता.

खाडीपलीकडे:
बघा, खोत मागेल तो पैसा, हेच तर मी म्हणतोय.

आंब्याचा_बाठा:
आणि तो मागत होता भात, कागद नाही, हे मी म्हणतोय.

सुकट_भाकर:
भांडू नका. तुमच्या सांगण्यावरून आज दहाची चाळीस नाणी रुमालात बांधून घरपट्टी भरायला गेलो, 390 होती. क्लार्कने चष्म्यावरून एकदा माझ्याकडे एकदा रुमालाकडे बघितलं, पण चार-चारचे गठ्ठे लावून सगळी मोजली आणि मुकाट्याने पावती फाडली. तेव्हा खाडीपलीकडे, एवढ्यापुरतं तुमचं बरोबर. मग वरचे दहा मागितले तर त्याने ड्रॉवर उघडून बघितला आणि त्याच ढिगातलं एक नाणं उचलून परत माझ्या हातावर ठेवलं. येताना स्टँडवर चहा घेतला. नाय चालत म्हणाला.