चीटग्रासचा वणवा रोखायला माळावर गुरं सोडावीत का? माझं मत: नाही

दवणा (बॉयसी, आयडाहो)

गेल्या नोव्हेंबरात बॉयसीच्या दक्षिणेला, स्नेक नदीच्या अंगाला जळालेल्या माळावर सेजब्रशची रोपं लावायला गेले होते. बोटभर उंचीची रोपं, फावड्याने खाच पाडायची, रोप उभं धरून माती दाबायची. संध्याकाळी बूट काढले तर मोज्यांत कुसळंच कुसळं. गावाकडे पावसाळा संपल्यावर धोतराला, लुगड्याला चिकटायची तशीच. हेच ते चीटग्रास.

ज्यांनी हा प्रदेश पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रॉकी पर्वत आणि सिएरा नेवाडा यांच्या मधला हा कोरडा मुलूख. वर्षाला साधारण २०० ते ३०० मिमी पाणी, त्यातलं बरंचसं हिवाळ्यात, बर्फाच्या रूपाने. नजर जाईल तिथवर सेजब्रशची गुडघा-कंबरेएवढी रुपेरी-राखाडी झुडपं, पानाच्या टोकाला तीन दाते. स्वयंपाकातल्या सेजशी याचं नातं नाही. हा आर्टेमिशिया, म्हणजे आपल्या दवण्याचा भाऊबंद. पान चुरगळून वास घेतला की मला चैत्रातला जोतिबाचा डोंगर आठवतो. वास मात्र जास्त कडू, कापराकडे झुकणारा.

आता मुद्दा. वसंतात आणि शरदात गुरं सोडून चीटग्रास खाऊन टाकावं, म्हणजे वणव्याला जळण उरणार नाही, ही कल्पना इथे जोर धरते आहे. मला ती पटत नाही. इथलं मूळ गवत ठोंब्याठोंब्याने वाढतं आणि दोन ठोंब्यांमधली माती शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जीवांच्या काळपट पापुद्र्याने झाकलेली असते. या पापुद्र्यावर बी सहज रुजत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे बेसुमार गुरं-मेंढरं आली. खुरांनी पापुद्रा फुटला, गवताचे ठोंबे खाऊन विरळ झाले. त्याच सुमारास युरोप-आशियातून चीटग्रास आलं आणि त्याला मोकळी जागा आयती मिळाली.

हे गवत शरदात उगवतं, हिवाळाभर मुळं वाढवतं, बाकीची झाडं जागी होईपर्यंत वरच्या थरातलं पाणी पिऊन टाकतं आणि जूनपर्यंत वाळून कडकडीत होतं. मग एक ठिणगी पुरते. सेजब्रश जळाला की बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. बी बारीक, फार काळ टिकत नाही आणि आईझाडापासून काही पावलांवरच पडतं. सखल भागात पूर्वी दोन वणव्यांमध्ये कित्येक दशकं जायची. आज स्नेक नदीच्या मैदानात काही ठिकाणी तीन ते पाच वर्षांत पुन्हा आग येते. झुडपाला वयात यायलाही वेळ मिळत नाही.

ज्या खुरांनी दार उघडलं त्यांच्याच हाती राखण कशी द्यायची? तो पैसा रोपांवर आणि न जळालेले पट्टे वाचवण्यावर लावा.

माणदेशी

ताई, तुमची तळमळ पोचली, पण मी मेंढरामागं वाढलेला माणूस, म्हणून बोलतो. चूक खुराची नव्हती, हिशोबाची होती. किती जनावरं, कोणत्या महिन्यात, किती दिवस, हे कुणी बघितलंच नाही. सरकारी जमिनीवर परवान्याने चराई करायचा कायदासुद्धा तिथं १९३४ साली आला. तोवर जो आधी येईल त्याचं कुरण.

आणि न चरलेलं वाळकं गवत उभं राहिलं की काय होतं ते नेवाडात २०१८ साली दिसलं. मार्टिन नावाचा वणवा चार लाख पस्तीस हजार एकरांच्या आसपास जाळून गेला. आदल्या वर्षी ओल चांगली झाली होती, गवत मातलं होतं, वाळून तसंच उभं होतं. तिथले गुरंवाले आधीपासून म्हणत होते, हे चरू द्या. तुमची बोटभर रोपं त्या आगीत किती टिकली असती?

रानपाखरू (पुणे)

मी दवणाताईंच्या बाजूने. हिवरे बाजारने चराईबंदी-कुऱ्हाडबंदी केली आणि गावाचा माळ परत हिरवा झाला, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. जमिनीला उसंत द्या, ती स्वतःला सावरते.

शिवाय तिकडचं आणि आपलं दुखणं एका जातीचं आहे. आपल्याकडे माळरान कागदोपत्री ‘पडीक’ ठरतं आणि माळढोकाची जागा जाते. तिकडे १९५०-६० च्या दशकांत सेजब्रश निरुपयोगी म्हणून ट्रॅक्टरमागे जाड साखळ्या ओढून उपटला, तणनाशक फवारलं आणि गुरांसाठी बाहेरचं गवत पेरलं. सेज ग्राउस हा पक्षी हिवाळाभर जवळपास फक्त सेजब्रशची पानं खाऊन जगतो. झुडूप गेलं की त्याचं ताटच गेलं.

लोगनवासी (युटा)

मी इथे कुरणांच्या परिसंस्थेवर काम करतो. तिघांच्याही म्हणण्यात एक मोठी गल्लत आहे: तुम्ही सेजब्रश एकच धरून चालला आहात.

खोल मातीत माणसाहून उंच वाढतो तो एक. वसाहतवाल्यांनी त्याला पाहूनच शेतजमीन हेरली आणि तो नांगरला. कोरड्या सखल भागातला ठेंगणा वायोमिंग सेजब्रश दुसरा, डोंगरउतारावरचा तिसरा. पानांवरून ओळखणं अवघड जातं तेव्हा आम्ही पान पाण्यात चुरगळतो आणि अतिनील दिव्याखाली धरतो. डोंगरी जात निळसर चमकते, वायोमिंग जवळजवळ काळीच राहते. हे तपासणं महत्त्वाचं, कारण डोंगरावर थंडी आणि ओल जास्त असल्याने आगीनंतर माळ दोन-तीन दशकांत सावरू शकतो. तिथलं संकट उलटं आहे: आगी कमी झाल्या आणि जुनिपरची झाडं घुसली. दवणाताई सांगतात ती गोष्ट सखल, उष्ण पट्ट्याची. तिथे ती अक्षरशः खरी आहे.

रानपाखरू, हिवरे बाजारचा दाखला इथे लागू पडत नाही. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्यानंतर येतो, नेमका वाढीच्या दिवसांत, आणि बंदी घातली की देशी गवतच वर येतं. इथे चीटग्रासने भरलेला माळ कुंपण घालून वीस वर्षं सोडला तरी बहुधा चीटग्रासच राहतो. उसंत पुरत नाही, कारण परत यायला बीच उरलेलं नसतं.

माणदेशी, तुमच्या हिशोबाला माझी हरकत एवढीच: चीटग्रास हिरवं आणि गोड असतं ते वसंतातले मोजके आठवडे. त्याच आठवड्यांत मूळ गवतही कोंब काढत असतं. गाय निवड करते, आणि तुम्हाला हवी तीच करेल याची खात्री नाही. शरदातली चराई बरी, तेव्हा मूळ गवत झोपलेलं असतं आणि वाळकं जळण कमी होतं. पण लाखो एकरांवर नेमक्या दिवशी गुरं, पाणी आणि माणसं पोचवायची कशी, हे अजून कुणाला नीट जमलेलं नाही.

माणदेशी

शरदातलं पटलं. पण म्हणजे मेंढका शहाणा असेल तर जमतं, हेच झालं ना? मेंढरू राखणारा माणूस बरोबर असतो, गायीसारखं सोडून दिलेलं नसतं. रस्त्याकडेला, जिथं आग लागते तिथं, मेंढराचा पट्टा चारून काढा. सगळा माळ चारा असं मी म्हणतच नाही.

दवणा

लोगनवासी, जातींचा मुद्दा मान्य, मी सखल भाग असं आधीच लिहायला हवं होतं. माणदेशीदादा, रस्त्याकडेचा पट्टा, जिथे आधीच निव्वळ चीटग्रास आहे, तिथे माझा विरोध नाही. पण ताज्या जळालेल्या माळावर किमान दोन हंगाम एकही खूर नको, यावरून मी हटणार नाही. वणव्यानंतर विसावा द्यायचा शिरस्ता आहे, तरी तो आटोपता घ्यावा म्हणून दरवेळी तगादा लागतो.

एक झुडूप उभं राहिलं तर काय होतं तेही लक्षात घ्या. सेजब्रश रात्री खोल मुळांनी पाणी ओढतो आणि त्यातलं थोडं वरच्या कोरड्या थरात सोडतो. हे १९८७ मध्ये याच झुडपावर युटात दाखवलं गेलं. त्या ओलीचा लाभ आसपासच्या गवतालाही मिळू शकतो. त्याच्या आडोशाला बर्फ साठतो, सावलीत रोप तगतं.

एप्रिलमध्ये परत जाऊन आमची ओळ मोजली. चाळीस रोपांतली अकरा जिवंत. त्यातली नऊ जळक्या बुंध्यांच्या पूर्वेला, जिथे वाऱ्याआड बर्फ साचून राहिला होता. यंदा आम्ही बुंधे शोधूनच लावणार आहोत.

माणदेशी

अकरा ऐकून बरं वाटलं. पण दोन हंगाम गुरं बाहेर ठेवायची तर कुंपण लागणार, आणि ज्याच्या गुरांना तेवढे दिवस दुसरं कुरण नाही, त्याने काय करायचं?

दवणा

त्याच्या चाऱ्याचा खर्च वणवा विझवण्याच्या पैशातून द्यावा, असं माझं मत. आग विझवायला कोट्यवधी डॉलर निघतात. त्यातले थोडे आगीनंतरच्या दोन वर्षांसाठी राखून ठेवले तर ना त्याची गुरं उपाशी राहतील, ना माझी रोपं तुडवली जातील.