किल्लारी प्लेटच्या कडेला नाही, मग १९९३ चा भूकंप झालाच कसा?

औसेकर_पुणे:
शाळेत शिकलो की पृथ्वीच्या कवचाच्या दोन प्लेटा घासतात तिथे भूकंप होतात. हिमालय समजतो, जपान समजतो. पण किल्लारी ज्यात येतं तो आमचा औसा तालुका तर भारतीय प्लेटच्या पार मध्यात! ३० सप्टेंबरला विसर्जन करून लोक झोपलेले आणि पहाटे चारच्या सुमाराला सगळं खाली. गावात अजून म्हणतात माकणीच्या धरणामुळं झालं. खरं काय?

काळा_पत्थर:
प्लेट म्हणजे एकसंध फरशी नाही रे. भारत वर्षाला ५ सेंमीच्या आसपास उत्तरेला सरकतोय, पुढे आशिया अडवतोय, तो दाब मागे पार दख्खनपर्यंत येतो. मधला भाग वर्षाला फार तर एखाद-दोन मिमी आकसत असेल, जीपीएसलाही धड पकडता येत नाही. त्यात बेसाल्टच्या काळ्या खडकाखाली जुन्या भेगा झाकलेल्या, वरून काही दिसत नाही. अशी भेग हजारो वर्षं गप्प बसते आणि मग एकदाच सरकते. किल्लारीला तीव्रता ६.२ च्या आसपास होती, पण खोली जेमतेम काही किमी, म्हणून इतका दणका.

तेरणाकाठ:
आणि गप्प तरी कुठं होती? १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात धक्के येतच होते की, लोक रात्री बाहेर झोपायचे, मग थांबले तसं परत घरात. नकाशावर आपण तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होतो, झोन ३ (मध्यम धोक्याचा) पुढे झाला 😡

काळा_पत्थर:
धरणाचं म्हणशील तर कोयनेचा पुरावा भक्कम आहे, १९६२ ला पाणी भरायला लागले तसे धक्के सुरू, ११ डिसेंबर १९६७ ला मोठा झाला आणि बारीकसारीक अजून चालूच. किल्लारीत पाणी खाली मुरून भेग सैल झाली असं काही जणांनी मांडलं होतं, पण सगळ्यांना पटलेलं नाही. मलाही नाही.

औसेकर_पुणे:
बरं, मग आता गावाकडं घर बांधायचंय तर काय करू? जुनं माळवद, म्हणजे मातीचं छत, पाडतोय.

तेरणाकाठ:
माळवद उतरवतोयस ते बेस्ट. १९९३ ला माणसं मेली ती त्या मातीच्या ओझ्याखाली आणि गोट्यांच्या जाड भिंतींखाली. जोत्याला, लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या वर) आणि स्लॅबखाली आरसीसी पट्टा सलग फिरव, कोपऱ्यात उभ्या सळ्या टाक. गवंडी म्हणेल कशाला खर्च, ऐकू नको.