मदत हवी आहे: दोन्ही काडतुसं एकाच पाकिटात गेली, आता काय?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची काजूची बाग आणि थोडं कुळागर (माड-पोफळीची बाग) आहे. बाबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची एकनळी बंदूक. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की आणायची, एवढाच तिचा प्रवास. यंदा जानेवारीत रात्री रानडुकरं शिरली म्हणून बाबांनी हवेत एक बार काढला. शेजाऱ्यांशी मेरेवरून (जमिनीच्या हद्दीवरून) जुनं भांडण; त्यांनी 'आमच्यावर झाडली' म्हणून तक्रार दिली.

एकनळीतलं रिकामं काडतूस बंदूक मोडल्याशिवाय (बिजागरीत वाकवून उघडल्याशिवाय) बाहेर पडत नाही. बाबांनी ते घरी येऊन काढलं आणि खिडकीत ठेवलं. पोलिसांनी तिथून नेलं. दुसरं एक शेजाऱ्यांनी 'आमच्या अंगणात मिळालं' म्हणून आणून दिलं. पंचनामा काल हातात आला: 'एक जुनी बंदूक, दोन रिकामी काडतुसं, सीलबंद.' संपलं! बंदुकीचा नंबर नाही, कुठलं काडतूस कुठून आलं तेही नाही. सगळं प्रयोगशाळेत गेलंय.

गुळगुळीत नळीत आटे (आतल्या पिळदार खाचा) नसतात, त्यामुळे छऱ्यांवरून बंदूक ठरत नाही. भिस्त सगळी काडतुसाच्या बुडावरच्या फायरिंग पिनच्या (बार उडवणाऱ्या खिळीच्या) खुणेवर. उद्या 'एक जुळतं, एक जुळत नाही' असा अहवाल आला, तर जुळणारं खिडकीतलं की अंगणातलं, हे सांगणार कोण? बाबा म्हणतात, 'सरकारी कपाटातून कुठे जातंय?' मला मात्र झोप नाही.

उत्तर १
भाऊ, कपाटापेक्षा पाकिटाची काळजी करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) 1 जुलै 2024 पासून लागू आहे आणि तिच्या कलम 105 प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. वकिलांकरवी कोर्टात ते मागा. पोलिसांचं प्रयोगशाळेला गेलेलं पत्रही मागा. त्यासोबत सीलचा नमुना जातो, आणि पाकीट उघडण्याआधी सील त्याच्याशी जुळतं का, ते तिथे पाहतात. ठाण्यातल्या मुद्देमाल (जप्त वस्तूंच्या) रजिस्टरातल्या तारखा त्या पत्राशी ताडून बघा. पाकीट मधले किती दिवस कुठे पडून होतं, ते तिथेच कळतं. अहवाल तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचला जातो (कलम 329), पण त्याला साक्षीला बोलवा असा अर्ज करता येतो. तो नक्की करा.

उत्तर २
बंदूक परत हवी तर त्याच संहितेच्या कलम 497 खाली अर्ज, बंधपत्र, सुपूर्दनामा (वस्तू ताब्यात घेतल्याचा लेखी कागद). अहवाल येईपर्यंत मिळेल असं वाटत नाही. परवान्याची मुदत तेवढी सांभाळा, नाहीतर कोर्टाने सोडली तरी घरी आणता येणार नाही.

धागाकर्ता
आभार! पंचनाम्यात नसला तरी बंदुकीवर नंबर आहे हो, घासून गेलाय; खडू चोळला की दिसतो, आणि परवान्यावर तोच आहे. चित्रीकरणही झालंय. खिडकीतून काडतूस उचलताना हवालदार मोबाईल धरून माझ्या शेजारीच उभा होता. उद्या सकाळीच वकिलांकडे जातो.