लग्नानंतर मतदार यादीतलं नाव कोरेगावातून तासगावला न्यायचंय: सहा नंबर की आठ नंबर?

कोरेगावची_लेक
माहेर कोरेगाव तालुक्यात, सासर तासगावजवळ. मतदान कार्डावर आणि आधारवर अजून माहेरचंच आडनाव. सेवा केंद्रातला मुलगा म्हणतो, "ताई, जुनं असू दे, इथं नवा सहा नंबर फॉर्म भरू, पटकन होईल." चुलत्यांचा फोन, की नाव काढू नको, आपला वॉर्ड दोन-चार मतांवर फिरतो. सासूबाई म्हणतात, इथं नांदतीस तर मत पण इथंच. त्यात बागेची छाटणी सुरू, तहसीलला खेटे घालायला कुणाला सवड नाही. काय करू? आणि नवं कार्ड यायच्या आत मतदान लागलं तर?

खडू_फळा
ताई, सहा नंबर अजिबात भरू नका. शाळा सांभाळून बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे मतदार यादी सांभाळणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम केलंय, म्हणून ठासून सांगतो. तो फॉर्म पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा. खाली लिहून द्यावं लागतं की माझं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही. तुमचं तर आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ३१ व्या कलमात खोट्या प्रतिज्ञेला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे, आणि सही तुमची असणार, त्या मुलाची नव्हे.

तुमचा फॉर्म आठ नंबर. पत्ता बदल, दुरुस्ती, दुसरं कार्ड, सगळं २०२२ पासून त्यातच. आधी पत्ता बदलून घ्या. पुरावा तुमच्याच नावाचा पाहिजे असं नाही. मिस्टरांचं नाव त्याच पत्त्यावर यादीत असेल तर त्यांच्या नावाचा चालतो. कोरेगावचं नाव त्याच अर्जावर निघतं, वेगळा सात नंबर भरायला नको. आडनावाची दुरुस्ती मागाहून, विवाह नोंदणीचा दाखला जोडून. मोबाईलवर निवडणूक आयोगाच्या ॲपमधून होतं, अडलं तर १९५० या हेल्पलाईन नंबरला फोन लावा. चौकशीला बीएलओ घरी येईल, तेव्हा कुणीतरी घरात असा. सगळी बागेत गेली की बिचारा कुलूप बघून परत जातो.

चुलत्यांना दुखवू नका, पण माहेरी आता तुम्ही पाहुण्या. कायदा राहत्या जागेचं बघतो.

कार्डाची काळजी सोडा. यादीत नाव आलं की कोरेगावचं जुनं कार्डही तासगावच्या केंद्रावर चालतं. नाहीतर आधार, पॅन, लायसन, पासपोर्ट, फोटोचं बँक पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड यातलं एक न्या. नुसती मतदार चिठ्ठी मात्र ओळख म्हणून धरत नाहीत. उलट, कार्ड खिशात आणि यादीत नाव नाही, अशी माणसं दर मतदानाला केंद्रावर भांडताना बघितलीत. तिथं काहीच करता येत नाही.

गलाईवाला_विटा
गुरुजी, माझं पण सांगा. गलाईचं (सोनं-चांदी गाळायचं) दुकान तमिळनाडूत, बिऱ्हाड तिथंच, घर-शेती गावाकडं. पोरगं मे महिन्यात अठराचं होतंय. नाव गावात घालू का? जत्रेला तर दरवर्षी येतोच की आम्ही.

खडू_फळा
दादा, जत्रेवर भागत नाही! नुसतं मालकीचं घर आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, असं त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम २० मध्येच आहे. तात्पुरतं बाहेर असल्यानं रहिवास जातही नाही, पण तुमचं बिऱ्हाड कायमचं तिकडं. तेव्हा पोराचा सहा नंबर तिकडच्याच पत्त्यावर भरा. पूर्वी अठरा पूर्ण झाली का बघायला १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे. आता एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची १ तारीखही धरतात, म्हणजे तो १ जुलैला बसतो. सतरा पूर्ण झालेत, तर अर्ज आजच करता येईल.

गलाईवाला_विटा
घरचे ऐकणार नाहीत, पण बरं झालं विचारलं.

कोरेगावची_लेक
आठ नंबर आत्ताच भरला, रेफरन्स नंबर आला. चुलत्यांना मिस्टर फोन करणार आहेत, मी नाही.