खिडकीचं रबर गेलंय, मिरगाआधी घरीच दुरुस्त होईल का?

गुहागरला समुद्राला लागून आमचं चिऱ्याचं घर आहे, आईबाबा दोघंच असतात. पश्चिमेच्या दोन खिडक्या ॲल्युमिनियमच्या, सरकत्या. काचेभोवतीचं काळं रबर कडक होऊन कोपऱ्यांत बोटभर आखडलंय, नखाने उचकटलं तर तुकडाच पडतो. गेल्या पावसात झड आली की बाबा रात्री उठून खिडकीखाली पंचा ठेवायचे, पिळून परत ठेवायचे. कारागीर म्हणतो, अख्ख्या खिडक्या बदला. मी चार दिवस जातोय. रबर कुठलं, फटी बुजवायला सिलिकॉन कुठलं?

देवगडहून
चौकट सरळ असेल तर खिडक्या अजिबात बदलू नका. मी गेल्या वर्षी स्वतः रबर बदललं. जुन्या रबराचा तुकडा कापून दुकानात न्या, कारण खाचेत बसणारा भाग दर खिडकीचा वेगळा असतो. साधं पीव्हीसी नको, ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर मागा, उन्हात जास्त टिकतं. आणि बसवताना ओढू नका! ओढलेलं रबर पुढे आखडतं आणि कोपरे उघडे पडतात. मीटरमागे सेंटीमीटरभर जास्तच घ्या, दाबत दाबत बसवा.

अलिबागहून
सिलिकॉन नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलंच घ्या. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो ते धातूला खातं आणि सिमेंटलाही नीट धरत नाही. जुनं सगळं खरवडून काढा, नवं त्याच्यावर चिकटत नाही. आपल्याकडे चौकटीवर मिठाचा थर असतोच, तो आधी गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या, मग स्पिरिटने पुसा. 24 तासांत साधारण 2 ते 3 मिलिमीटरच आतपर्यंत वाळतं, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी उरका.

मालवणहून
दादा, रबर आणायच्या आधी खालच्या पट्टीत तांब्याभर पाणी ओतून बघा. बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, पाणी तिथून जायला हवं. ती बुजली की पट्टी भरते आणि पाणी आत ओसंडतं, रबर कितीही नवं असो. माझ्या मावशीकडे कारागिराने गळती थांबवायची म्हणून नेमकी तीच भोकं सिलिकॉनने बंद केली होती. अख्खा पावसाळा तिने भिंतीचे पोपडे झाडले. तेवढं मात्र होऊ देऊ नका. सगळं झालं की पाइपने पाणी मारा, खालून सुरू करून हळूहळू वर, आत कुणीतरी बॅटरी घेऊन उभं राहायला हवं. म्हणजे नेमकं कुठून येतं ते कळतं.

गुहागरहून, परत मीच
पोचलो. तांब्याभर ओतलं, पाणी जागचं हललं नाही. तारेने टोकरून वाटीभर गाळ काढला, वाळू आणि सुरूच्या काड्या. आता बाहेर धार लागते. बाबा तीनदा ओतून बघून आले. कोपरे अजून उघडेच आहेत, तेव्हा रबर उद्या चिपळूणहून आणतो. तुकडा खिशात आहे.