विषय: धुळ्यासाठी जुनं ग्लायडर, बजेट 10,000 युरो

देवपूर, धुळे

राम राम मंडळी,
आम्ही चौघं मिळून जुनं ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) घ्यायचं म्हणतोय. ट्रेलर धरून 10,000 युरो, त्यावर ताणता येणार नाही. ठेवायचं धुळ्यातच. सध्या तीन समोर आहेत: ब्लानिक एल-13 (सगळ्यात स्वस्त), केए-8 बी आणि अ‍ॅस्टीर सीएस (फायबरचं). दादा, तुम्ही तिकडेच जर्मनीत आहात, तर पाहून याल का? आणि इतरांनीही सांगा, नेमकं काय तपासायचं?

श्टुटगार्ट

भाऊ, बघून येतो. पण ब्लानिक यादीतून काढा. 2010 मध्ये ऑस्ट्रियात एल-13 चा पंख हवेत तुटला. मुळाशी, स्पारमध्ये (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईत) धातू थकून चीर गेली होती. त्यानंतर ही सगळी विमानं जमिनीवर बसवली गेली. पंखाचं मंजूर, महागडं काम झालेलं नसेल तर ते उडवताच येत नाही. स्वस्ताई त्याचीच आहे.

बाकी दोघांसाठी मी जाण्याआधी कागद मागवा: लॉगबुक, सक्तीच्या तपासण्यांची नोंद, शेवटचा वजन-अहवाल. वजन-अहवाल कोणी नीट वाचत नाही, आणि घोळ तिथेच होतो. केए-8 रिकामं साधारण 190 किलो, कमाल 310. पायलट आणि सामानाला उरले 120. दुरुस्त्या, रंगाचे थर, रेडिओ-बॅटरी यांनी 15 किलो खाल्ले की 105. त्यात पॅराशूटचे सातेक किलो. तुमच्यात कोणी नव्वदीच्या पुढे वजनाचा असेल तर आधीच कळवा.

तास पाहा. फायबरच्या बऱ्याच ग्लायडरांना 3000 तासांना सखोल तपासणी लागते. 2,900 तासांचं मशीन स्वस्त दिसलं तर तो खर्च तुमच्या गळ्यात पडणार आहे असं समजा.

अ‍ॅस्टीरच्या पंखावर तिरपा उजेड टाकून जेलकोट (वरचा गुळगुळीत पांढरा थर) बघेन. पुढून मागे जाणाऱ्या केसासारख्या बारीक चिरा वरच्या बाजूला असतील तर ऊन आणि ओलावा आत शिरतोय. पूर्ण घासून नवा थर द्यायला 200 तासांहून जास्त मजुरी जाते. म्हणजे ग्लायडरच्या किमतीएवढा खर्च. मग नाण्याने टकटक करत जायचं: आवाज खणखणीत हवा, बद्द आला तर थर सुटलेत. चाकाची पेटी आणि शेपटीची नळी या दोन जागा विशेष, कारण उतरताना ग्लायडर गर्रकन फिरलं की तिथेच तडा जातो. शेवटी पंख जोडून टोक पुढे-मागे हलवायचं. मुळाशी ठकठक ऐकू आली तर पिना किंवा बुश (पिना बसतात त्या धातूच्या नळ्या) झिजलेत.

मेलबर्न

दादांनी सांगितलं त्यात उन्हाचं राहिलं, आणि खानदेशासाठी तेच मोठं. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा सावलीतच 45 अंशांपर्यंत जातो. जुन्या फायबरच्या रेझिनची (धागे चिकटवून धरणाऱ्या राळेची) मर्यादा साधारण 54 अंश. म्हणूनच ही विमानं पांढरी असतात. गडद पट्टे ओढलेलं घेऊ नका, आणि बंद पत्र्याच्या ट्रेलरमध्ये दुपारभर ठेवू नका. ट्रेलरवर पांढरा रंग, छताला इन्सुलेशन, दोन्ही टोकांना झरोके आणि त्यांना बारीक जाळी लावा. नाहीतर काळ्या मातीची धूळ थेट बेअरिंगमध्ये जाते.

केए-8 चा सांगाडा स्टीलच्या नळ्यांचा, पंख लाकडाचे. त्या काळच्या जर्मन लाकडी पंखांत बऱ्याचदा कौरिट गोंद असतो. उष्णता आणि दमट हवा आलटून पालटून लागली की तो ठिसूळ होतो. धुळ्यात मे नंतर लगेच पावसाळा, म्हणजे नेमकं तेच. तपासणीच्या झाकणातून आरसा-टॉर्च घालून सांध्याबाहेर आलेला गोंद बघा: नखाने भुगा होत असेल किंवा आत कुबट वास असेल तर परत फिरा. चौघांनी उन्हात वापरायचं तर माझं मत अ‍ॅस्टीरला, बैठकही प्रशस्त आहे.

श्टुटगार्ट

ताई, पटलं. अ‍ॅस्टीरच बघतो. नियंत्रणाचे सांधे (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या दांड्यांचे) बॉल-जोडाचे असतील तर प्रत्येकाला सेफ्टी पिन आहे का, हे स्वतः तपासेन. एखादा सांधा जोडायचा राहून गेल्याने विमानं पडली आहेत. सीटबेल्टची तारीखही बघेन. बारा वर्षं उलटली असतील तर बहुधा बदलावेच लागतात.

भाऊ, 10,000 पैकी 2,000 बाजूला ठेवा: बेल्ट, टायर, रेडिओ यांना. वाहतूक आणि कस्टम यांत धरलेलं नाही. आणि डीजीसीएकडून (भारताच्या नागरी विमान महासंचालनालयाकडून) आयात आणि नोंदणीबद्दल लेखी उत्तर येईपर्यंत बयाणा देऊ नका.