मदत हवी आहे - पूर्ण काळ्या कुत्रीचं पेन्सिल पोर्ट्रेट, चेहरा जमत नाहीये (थोडं अर्जंट)

पेन्सिलवाली

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीत राहते आणि गेली तीन वर्षं पाळीव प्राण्यांची पोर्ट्रेट्स हाताने काढून देते, ऑर्डर इन्स्टावरून नाहीतर ओळखीतून येतात. आतापर्यंत साठेक झाली असतील, लॅब, गोल्डन, मांजरं, एक पोपट, आणि एका आजोबांचा बैल. पण आत्ताच्या ऑर्डरमध्ये मी पुरती अडकलेय.

पुण्याच्या एक काकू आहेत. त्यांची काजळ नावाची कुत्री होती, गावठी, रस्त्यावरून उचलून आणलेली, अख्खी काळी. चौदा वर्षं घरात होती, गेल्या वर्षी गेली. येत्या २२ तारखेला वर्ष होतंय आणि त्या दिवशी चित्र भिंतीवर हवंय. ए४ साइज, कलर पेन्सिल, साडेतीन हजार सांगितले, निम्मे ॲडव्हान्स घेतलेत.

फोटो तीनच आहेत, तिन्ही व्हॉट्सॲपवर आलेले. पहिला सोफ्यावर काकूंच्या मुलीने काढलेला सेल्फी, त्यात काजळचा चेहरा अगदी जवळून आहे. दुसरा रात्री फ्लॅश मारून, डोळे हिरवे चमकतायत, त्यामुळे उपयोग नाही. तिसरा अंगणात लांबून, उभी आहे, पण चेहरा म्हणजे नुसता काळा डाग. म्हणून पहिलाच धरला.

अडचण दोन आहेत. एक म्हणजे काळा रंग. मी पॉलीक्रोमॉसची (फाबर-कास्टेलच्या कलर पेन्सिली) काळी पेन्सिल दाबून वापरली तर काळं कापड कापून चिकटवल्यासारखं सपाट झालं, आणि आता त्यावर दुसरा लेयर बसतच नाही, पांढरी फिरवली की राख सांडल्यासारखं दिसतं. पेपर साधा कार्ट्रिज आहे, २०० जीएसएम.

दुसरी अडचण मोठी. अर्धं झाल्यावर काकूंना फोटो पाठवला, त्या म्हणाल्या, "छान आलंय गं, पण ही आमची काजळ नाही वाटत." काय वेगळं वाटतं विचारलं तर म्हणे ते सांगता येत नाही. मी ग्रिड (चौकटींची जाळी) टाकून तीनदा मापं तपासली, फोटोशी तंतोतंत जुळतंय!! तरी नाही वाटत म्हणतात. पैसे परत द्यायला माझी काही हरकत नाही, पण त्यांनी फोनवर पहिल्यांदा काजळबद्दल सांगितलं तेव्हा मधेच बोलायच्या थांबल्या होत्या, ते डोक्यातून जात नाहीये. कोणी काळ्या प्राण्यांचं काम केलं असेल तर प्लीज सांगा, दोन आठवडे आहेत हातात.

जुना ड्रॉइंग मास्तर

बाळ, पहिली गोष्ट म्हणजे तो कागद सोडून दे, त्याचा ग्रेन, म्हणजे वरचा खडबडीतपणा, भरला, आता तो काही घेणार नाही. हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत, पेपर घे, ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कॉटन मिळाला तर उत्तम. कोल्ड प्रेस नको, त्याच्या खड्ड्यांत बारीक केस तुटतात.

दुसरं, काळी पेन्सिल सगळ्यात शेवटी हातात घ्यायची. काळं कुत्रं उन्हात नीट बघ कधीतरी, पाठीवर आकाशाचा निळसर उजेड पडलेला असतो, कानाच्या कडेला आणि मांडीच्या मागे तांबूस तपकिरी दिसतं, खरा काळा फक्त नाकपुडीत, बाहुलीत, ओठाच्या रेषेत आणि कानाच्या आत. तुझ्याकडे पॉलीक्रोमॉस आहेत ना, मग डार्क इंडिगो १५७ आणि डार्क सेपिया १७५ एकमेकांवर चढव, हलक्या हाताने, सात-आठ लेयर. या दोघांतून जो काळा निघतो तो जिवंत असतो. मग १९९ नंबरची काळी, तीही फक्त मघाशी सांगितलेल्या जागी.

चमक पांढऱ्या पेन्सिलने आणायची नसते, कागद मोकळा ठेवायचा असतो. आधी चमकेच्या जागा आखून घे आणि तिथे फक्त हलका निळसर राखाडी दे. मिशांसाठी संपलेली रिफील घेऊन आधीच कागदावर दाबून रेघ ओढ, वरून रंग फिरला तरी त्या खोबणीत जात नाही, मिशी आपोआप पांढरी राहते. केसांची दिशा नाकापासून कपाळाकडे वर आणि गालावर मागे, नाकावरचे केस अगदी आखूड. हे चुकलं की कुत्र्याचं अस्वल होतं.

चेहऱ्याबद्दल फोटो न बघता मी बोलणार नाही.

कोळशाची कांडी

मास्तरांना +१. मी काळी कुत्री चारकोलमध्येच करतो, ८बी ग्रॅफाइटने (मऊ शिसपेन्सिलने) काळं केलं तर तिरक्या उजेडात आरशासारखं चमकतं, चारकोल मॅट राहतो. पण काकूंना रंगीत सांगितलंय तर आता मीडियम बदलू नका.

भटक्यांची ताई

मला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही, पण मी ठाण्यात अकरा वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालते, नसबंदीला पकडून नेते, परत आणून सोडते, त्यामुळे चेहरे लक्षात राहतात. काजळ रस्त्यावरून आणलेली म्हणताय, तर तिचं ऑपरेशन नसबंदीच्या मोहिमेत झालं होतं का? झालं असेल तर एका कानाच्या टोकाला व्ही आकाराचा कट असणार, परत पकडू नये म्हणून खूण करतात. तुमच्या चित्रात दोन्ही कान पूर्ण आहेत का? आमच्याकडे तर आम्ही लांबून कानावरूनच ओळखतो कोण आहे ते.

आणि अजून एक, तो सेल्फी आहे ना? काही फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा उलटा सेव्ह होतो. मागे भिंतीवर कालनिर्णय वगैरे असेल तर अक्षरं सुलटी आहेत का बघा.

पेन्सिलवाली

ताई, मी आत्ता फोटो मोठा करून बघितला आणि अंगावर काटा आला. मागे खरंच कालनिर्णय आहे आणि आकडे उलटे आहेत!!! म्हणजे मी अख्खी काजळ उलटी काढली. आणि कानाचा कट होता, मला वाटलं फोटो कॉम्प्रेस होऊन कड फाटलीय म्हणून मी कान गोल करून टाकला, छान दिसावा म्हणून. आता फोटो फ्लिप करून अंगणातल्या फोटोशेजारी ठेवला तर दोन्हीकडे कट एकाच कानाला येतोय.

काकूंना सांगितलं की ओरिजिनल फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉट्सॲपवर नुसता फोटो टाकला की बारीक केस सगळे पुसले जातात. मुलगी संध्याकाळी पाठवतेय.

जुना ड्रॉइंग मास्तर

वा, ताईंनी नेमकं पकडलं. आता मापांचंही सांगतो. सेल्फी हातभर अंतरावरून काढलेला असतो, आणि इतक्या जवळून नाक मोठं येतं, कपाळ आणि कान मागे पळतात. तुझं ग्रिड फोटोशी जुळलं, पण फोटोच कुत्रीशी जुळत नव्हता. अंगणातला लांबचा फोटो मोबाइलवर ब्राइटनेस वाढवून बघ, त्यात दोन डोळ्यांमधलं अंतर आणि डोळ्यापासून नाकापर्यंतचं अंतर यांचं प्रमाण मिळेल. ढाचा त्या फोटोवरून घे, केस आणि डोळ्यातला उजेड सेल्फीवरून.

बोक्याची आई

मी ऑर्डर देणाऱ्यांच्या बाजूने बोलते. आमच्या बोक्याचं चित्र करून घेतलं तेव्हा मलाही सांगता येत नव्हतं काय चुकलंय. चित्रकाराने मग नाक-डोळे विचारणं सोडलं आणि म्हणाला, तो दारात कसा बसायचा, तुम्ही घरी आलात की आधी काय हलायचं, आणि तुम्हाला तो कुठल्या वयाचा आठवतो? या शेवटच्या प्रश्नावर मी थांबले, कारण मी दिलेला फोटो दोन वर्षांच्या बोक्याचा होता आणि मला आठवत होता तो म्हातारा, एका डोळ्याने कमी दिसणारा. तुमच्या काकूंना हे विचारून बघा. घाई न करता, शक्यतो फोनवर.

पेन्सिलवाली

विचारलं. चाळीस मिनिटं बोलल्या. सेल्फी काजळ सहा वर्षांची असतानाचा आहे. शेवटची तीन-चार वर्षं तिची हनुवटी आणि भुवयांच्या जागा पांढऱ्या झाल्या होत्या, आणि काकू भाकरी थापायला बसल्या की ती उंबऱ्यावर हनुवटी टेकून वर बघायची, फक्त डोळे वर, डोकं नाही. म्हणाल्या, "ती पांढरी हनुवटी हवी मला, पण फोटोत नव्हती तर तुला कशी सांगू असं वाटलं." मी म्हटलं काकू सांगायचं ना. मग त्यांनी शेवटच्या वर्षातला एक व्हिडिओ शोधून पाठवला, त्याचे स्क्रीनशॉट काढलेत, फार क्लिअर नाहीत पण पांढरे केस कुठून कुठपर्यंत आहेत ते कळतं.

नवीन पेपरवर परत सुरू करतेय. दोन छोटे प्रश्न: हे चित्र इन्स्टावर टाकलं तर चालतं का, आणि पावसात पुण्याला पाठवायचं कसं?

कायद्याचं थोडंफार

इन्स्टाचं सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ मध्ये आहे की कोणी पैसे देऊन पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल तर कॉपीराइटची पहिली मालकी ऑर्डर देणाऱ्याची. म्हणजे तुमच्या साठच्या साठ चित्रांना हे लागू होतं. ऑर्डर घेतानाच एका मेसेजमध्ये लिहून घेत जा की चित्राचा हक्क माझ्याकडे राहील, मी ते पेजवर दाखवेन. काकूंना आता विचारा, नाही म्हणाल्या तर टाकू नका.

फ्रेमवाला सांगलीकर

रोल करू नका, ट्यूबमध्ये पेन्सिलचे लेयर घासतात. वर ग्लासिन पेपर (पातळ, गुळगुळीत कागद), मग प्लास्टिकची पिशवी टेपने बंद, मग दोन जाड पुठ्ठ्यांच्या मधे सपाट, पुठ्ठे चित्रापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठे. फ्रेम पुण्यातच करू दे, काच कुरिअरने पाठवायच्या भानगडीत पडू नका. काकूंना सांगा ॲसिड फ्री माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावून घ्या, काच कागदाला टेकता कामा नये, टेकली की पावसाळ्यात बुरशी धरते आणि चित्र काचेला चिकटतं. बाहेरच्या ओल्या भिंतीवर लावू नका. फिक्सेटिव्ह (रंग पक्का धरणारा स्प्रे) मारायचा असेल तर पाऊस उघडलेल्या दिवशी, दमट हवेत पांढरट धूसर थर येतो, आणि तुमच्या काळ्यावर तो लगेच दिसेल.

पेन्सिलवाली

अपडेट देते. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे इंडिगो आणि सेपियाचे नऊ लेयर झाले, काळी अजून फक्त नाकपुडीत आणि बाहुलीत लावलीय. हनुवटीचा कागद मोकळाच ठेवला, त्यावर वॉर्म ग्रेचे थोडे केस, आणि आश्चर्य म्हणजे ते पांढरं आल्यावर बाकीचा काळा आपोआप खोल दिसायला लागला. डोकं खाली, डोळे वर, कानाचा कट जिथे हवा तिथे.

काल काकूंना अख्खं चित्र न पाठवता फक्त डोळे, कान आणि हनुवटी एवढाच भाग पाठवला. तासभर निळ्या टिका दिसत होत्या आणि उत्तर नाही, मी पेन्सिल खाली ठेवून नुसती बसले होते. मग व्हॉइस नोट आली. मागे कुकरच्या शिट्ट्या वाजतायत, काकू मुलीला हाक मारतायत, "अगं इकडे ये, काजळ बघ."

अंग आणि मागचा उंबरा बाकी आहे, १७ तारखेपर्यंत होईल, १८ ला कुरिअर. इन्स्टावर टाकायला त्या हो म्हणाल्यात, पण २२ तारखेनंतर टाकीन.